शाळेचा पैसा आणि मुलांचे गुण : एका वादाचा इतिहास

१६ मे १९६८ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सॅन अँटोनिओ शहरात एक वेगळीच घटना घडली. शहराच्या पश्चिम भागातील एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले आणि शाळेच्या प्रशासकीय कार्यालयावर चालत गेले. सुट्टी द्या किंवा परीक्षा पुढे ढकला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. पात्रता असलेले शिक्षक द्या, पडझड झालेल्या इमारती दुरुस्त करा, शिकण्याचे साहित्य द्या, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणजे आम्हाला नीट शिकवा, यासाठी मुलांनी शाळा बंद पाडली होती!

मुलांमागोमाग पालक जमले. त्यांत डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाचे एक गृहस्थ होते. ते जवळच्या हवाई दलाच्या तळावर पत्रेकामाचे कारागीर होते, आणि त्यांची मुले एजवुडच्या शाळांत शिकत होती. शाळांकडे आलेला पैसा अधिकारी नीट वापरत नाहीत, असा पालकांचा प्रथम समज होता. आर्थर गोखमन या वकिलाने कागदपत्रे पाहून त्यांना सांगितले, की पैसा कोणी खात नाही, पैसा मुळात येतच नाही, आणि त्याचे कारण राज्याच्या कायद्यात आहे. जुलै १९६८ मध्ये या पालकांनी न्यायालयात दावा दाखल केला.

त्या दाव्यातून एक प्रश्न उभा राहिला. शाळेवर जास्त पैसा खर्च केला तर मुले जास्त शिकतात का? प्रश्न ऐकायला इतका सोपा, की त्यावर वाद कसला, असे वाटावे. पण त्यावर समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश पन्नास वर्षांहून अधिक काळ भांडत आले आहेत. या भांडणाचा इतिहास आपण पाहू. त्यात अमेरिकेतील शाळांची हकिगत आहेच. शिवाय आकडे कसे वाचावेत आणि कसे वाचू नयेत, याचाही तो एक उत्तम पाठ आहे.

शाळा-विभाग म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शिक्षण ही राज्यांची जबाबदारी मानली जाते आणि राज्यांनी ती बहुतांशी स्थानिक मंडळांवर सोपवलेली आहे. यांना तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणतात. आपल्या महसुली जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून आपण त्याला शाळा-विभाग म्हणू. एखाद्या शाळा-विभागात दोन-तीन शाळा असतील, तर एखाद्यात शेकडो. देशभर आजही सुमारे १३ हजार शाळा-विभाग आहेत. बहुतेकांचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, आणि मुख्य म्हणजे त्यांतील बहुतेकांना आपल्या हद्दीतील घरे, जमिनी आणि कारखाने यांवर कर बसवता येतो. आपल्या भाषेत, घरपट्टीवर शाळा चालते.

आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शाळेशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येईल. आपल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गावच्या घरपट्टीतून नव्हे. गडचिरोलीतील शिक्षकाचा किंवा पुण्याजवळच्या शिक्षकाचा पगार त्या गावाच्या श्रीमंतीवर ठरत नाही. अमेरिकेत तसे नाही. तेथे शेजारच्या शाळा-विभागात शिक्षकाला हजारो डॉलर जास्त मिळू शकतात.

या पद्धतीचे मूळ फार जुने आहे. १६४७ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने असा कायदा केला, की पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक वस्तीने मुलांना लिहिणे-वाचणे शिकवणारा एक शिक्षक नेमावा. आपल्या गावाची शाळा आपण चालवायची, ही कल्पना तेथून रुजली. गावागावांत फार मोठी आर्थिक दरी नव्हती तोवर तिचे तोटे फारसे दिसले नाहीत. मग शहरे वाढली, कारखाने आले, श्रीमंत लोक वेगळ्या उपनगरांत राहू लागले, आणि त्याच कल्पनेतून विषमता निपजू लागली. टेक्सासने १९४९ साली प्रत्येक शाळेला किमान रक्कम मिळावी म्हणून एक पायाभूत योजना आणली. तिच्या खर्चाचा मोठा भाग राज्य देई आणि उरलेला शाळा-विभागांनी मिळून उचलायचा असे. पण त्या किमान रकमेवर आणखी किती खर्च करायचा, हे ज्याच्या त्याच्या घरपट्टीवर राहिले.

एका शहरातील दोन शाळा

आता थोडे गणित करू. हे आकडे न्यायालयासमोर आलेले, १९६७-६८ या वर्षाचे आहेत.

एजवुड विभागात २५ शाळा आणि सुमारे २२ हजार मुले होती. त्यांतील जवळजवळ ९० टक्के मेक्सिकन वंशाची. हद्दीतील करपात्र मालमत्तेला मुलांच्या संख्येने भागले, तर दर मुलामागे ५,९६० डॉलरची मालमत्ता येत होती. त्याच शहरात अलामो हाइट्स नावाचा दुसरा विभाग होता. तेथे ६ शाळा, सुमारे ५ हजार मुले, आणि दर मुलामागे ४९ हजार डॉलरहून अधिक मालमत्ता होती.

एजवुडचे लोक कर भरायला कमी पडत होते का? मुळीच नाही. उलट सबंध परिसरात सर्वांत चढा दर त्यांचाच होता. दर १०० डॉलर मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट. अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट. आता गुणाकार करा. एजवुडमध्ये दर मुलामागे सुमारे ६३ डॉलर जमतात, अलामो हाइट्समध्ये सुमारे ४१७. पायाभूत योजनेतील आपापला वाटा दिल्यावर एजवुडच्या हाती दर मुलामागे २६ डॉलर उरत होते आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्याची मदत दोघांनाही सारखीच म्हणावी अशी होती. एजवुडला २२२ डॉलर, तर श्रीमंत अलामो हाइट्सला २२५! केंद्र सरकारची मदत मिळवली तर एकूण बेरीज एजवुडमध्ये ३५६ आणि अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर होई.

अलामो हाइट्सइतका करपैसा मिळवायचा तर एजवुडला किती दर लावावा लागला असता? ४१७ ला ५,९६० ने भागून पाहा. दर १०० डॉलरला सुमारे ७ डॉलर. आणि शाळा चालवण्यासाठी घ्यायच्या करावर कायद्याची कमाल मर्यादा होती दीड डॉलर. थोडक्यात, एजवुडच्या लोकांनी अधिक त्याग करायचे ठरवले असते, तरी कायद्याने त्यांना तो करू दिला नसता.

पैशाच्या या फरकाचा वर्गात काय अर्थ होत होता? १९६८-६९ मध्ये अलामो हाइट्सचे सर्व शिक्षक पदवीधर होते, एजवुडचे सुमारे ८० टक्के. एजवुडच्या जवळजवळ निम्म्या म्हणजे ४७ टक्के शिक्षकांकडे केवळ तात्पुरता परवाना होता. अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते.

कोलमन यांचा अहवाल

येथे आपल्याला दोन वर्षे मागे जावे लागेल. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात असे एक कलम होते, की वंश, वर्ण, धर्म यांमुळे शिक्षणाची संधी कोठे नाकारली जाते, याची देशभर पाहणी करावी. ते काम समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आले. सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाखांच्या आसपास विद्यार्थी, एवढा या पाहणीचा आवाका होता. शिक्षणाच्या क्षेत्रात असे प्रचंड काम तोवर क्वचितच झाले असेल. अहवाल १९६६ च्या जुलैमध्ये आला.

गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळांत साधनसामग्रीची मोठी तफावत आढळेल आणि मुलांच्या गुणांतील फरक त्यावरून समजेल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. निष्कर्ष वेगळाच निघाला. गुणांमधील फरकांचा सर्वांत मोठा भाग मुलाच्या घराशी, म्हणजे पालकांचे शिक्षण, उत्पन्न, घरातील पुस्तके यांच्याशी जुळत होता. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर प्रयोगशाळा, ग्रंथालय, दरडोई खर्च यांचा वाटा अगदी थोडा उरत होता. वर्गातील सोबती कोण आहेत आणि शिक्षकाचे भाषेवरील प्रभुत्व किती आहे, यांचा प्रभाव त्यापेक्षा अधिक दिसला.

वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी याचा सारांश एका वाक्यात केला : शाळेमुळे काही फरक पडत नाही. कोलमन यांनी असे म्हटले नव्हते. उलट अहवालातच असेही होते, की अल्पसंख्य समाजांतील मुलांची प्रगती गोऱ्या मुलांपेक्षा शाळेवर अधिक अवलंबून असते. पण सोपी वाक्ये लवकर पसरतात.

सहसंबंधाचे सापळे

कोलमन यांच्या आकडेमोडीवर अर्थशास्त्रज्ञ सॅम्युअल बोल्स आणि हेन्री लेव्हिन यांनी १९६८ मध्ये महत्त्वाचे आक्षेप घेतले. ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा. सधन घरची मुले बहुधा चांगल्या शाळेत जातात. म्हणजे घर आणि शाळा ही दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. एका शेतकऱ्याने खतही जास्त घातले आणि पाणीही जास्त दिले, दुसऱ्याने दोन्ही कमी. पीक कशामुळे वाढले, हे नुसत्या पिकाकडे पाहून सांगता येईल का? आपण प्रथम पाण्याचा हिशेब केला, तर दोघांचे सामाईक श्रेय पाण्याच्या खाती जाते आणि खताला काही उरत नाही. कोलमन यांच्या पद्धतीत घराचा हिशेब आधी केला होता.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. दरडोई खर्चाचा आकडा सबंध शाळा-विभागाची सरासरी होता. एकाच विभागातील चांगल्या वस्तीतील शाळा आणि गरीब वस्तीतील शाळा यांना एकच आकडा लागला. मोजपट्टीच भरड असेल तर बारीक फरक दिसत नाहीत. दिसले नाहीत म्हणजे ते नाहीतच, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक सापळा आहे. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरीब मुलांच्या शाळांना केंद्राची मदत देणारा कायदा केला. जॉन्सन स्वतः तरुणपणी, १९२८ साली, सॅन अँटोनिओच्या दक्षिणेस कोटुला या गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिक्षक होते. या कायद्याने पैसा मुद्दाम अशा ठिकाणी पाठवला, जेथे मुले मागे होती. मग पुढच्या पाहणीत काय दिसणार? ही मदत जास्त तेथे गुण कमी! ज्या गावाला टँकर जास्त जातात तेथे पाण्याची टंचाई असते, म्हणून टँकरमुळे विहिरी आटतात, असे आपण म्हणत नाही. पण शाळांच्या बाबतीत असे म्हणणारे शहाणे लोक भेटतात.

न्यायालयात

डिसेंबर १९७१ मध्ये सॅन अँटोनिओच्या केंद्रीय न्यायालयाने रॉड्रिगेझ यांच्या बाजूने निकाल दिला. काही महिने आधी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशीच भूमिका घेतली होती. तेथे बाल्डविन पार्क या साध्या वस्तीत दर मुलामागे ५७७ डॉलर आणि बेव्हर्ली हिल्स या धनिकांच्या वस्तीत १,२३२ डॉलर खर्च होत होते. कराचा दर मात्र बाल्डविन पार्कमध्ये दुपटीहून जास्त. आता देशभर ही पद्धत बदलणार, असे वाटू लागले.

पण टेक्सास राज्याने अपील केले, आणि २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती लुइस पॉवेल हे पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा-मंडळाचे अध्यक्ष होते, आणि स्थानिक नियंत्रणाचे महत्त्व त्यांना फार वाटे. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. शिवाय खर्च आणि शिक्षणाची गुणवत्ता यांचा संबंध विद्वानांमध्येच वादग्रस्त आहे, असेही नोंदवले. कोलमन यांच्या अहवालातून सुरू झालेला वाद असा थेट न्यायालयाच्या निकालपत्रात पोचला. विरोधी मत देणाऱ्यांमध्ये न्यायमूर्ती थरगुड मार्शल होते. पैशाने फरक पडत नसेल, तर श्रीमंत विभाग आपला जादा पैसा टिकवण्यासाठी एवढे का झगडतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

रॉड्रिगेझ हरले. पण प्रश्न संपला नाही, तो राज्यांच्या न्यायालयांत गेला. कारण अनेक राज्यांच्या स्वतःच्या घटनांत शिक्षणाची हमी आहे. एजवुड विभागाने आणि इतरांनी १९८४ मध्ये टेक्सासच्या राज्य न्यायालयात नवा दावा लावला. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी तो मान्य केला. तोवर एजवुडची दर मुलामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलर आणि अलामो हाइट्सची ५,७०,१०९ डॉलर झाली होती. १९६८ मधील सुमारे आठपटीचे अंतर जवळजवळ पंधरापट झाले! राज्यातील सर्वांत गरीब १०० विभाग ७४.५ सेंट दराने कर भरून दर मुलामागे २,९७८ डॉलर खर्च करत होते. सर्वांत श्रीमंत १०० विभाग ४७ सेंट दराने ७,२३३ डॉलर.

१९९३ मध्ये टेक्सासने असा कायदा केला, की ठराविक मर्यादेपलीकडे श्रीमंत असलेल्या विभागांचा काही पैसा इतरांकडे वळवावा. लोकांनी त्याचे नाव 'रॉबिन हूड' ठेवले. १९९५ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला.

कॅलिफोर्नियाचा अनुभव वेगळा आहे. तेथे शाळांचा खर्च समान करण्याची प्रक्रिया चालू असतानाच १९७८ साली मतदारांनी मालमत्ता करावर एक टक्क्याची मर्यादा घातली. पैसा अधिक समान झाला, पण इतर राज्यांच्या तुलनेत एकूण पैसाच कमी पडत गेला. समान वाटणी आणि पुरेशी वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले.

मतमोजणी की वजन?

इकडे विद्वानांचा वाद चालूच होता. अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक यांनी १९८० च्या दशकात तोवरची अनेक संशोधने एकत्र केली आणि त्यांतील किती पैशाच्या बाजूने आहेत, किती विरुद्ध आणि किती अनिर्णित, अशी मोजणी केली. अनिर्णितांची संख्या मोठी निघाली. खर्च आणि गुण यांचा भरवशाचा संबंध दिसत नाही, असे त्यांनी म्हटले.

१९९४ मध्ये लॅरी हेजेस आणि सहकाऱ्यांनी याच सामग्रीकडे वेगळ्या रीतीने पाहिले. त्यांचा मुद्दा आपल्या प्रयोगशाळेतील अनुभवाला धरून आहे. एखादा क्षीण संकेत गोंगाटात दडलेला असेल, तर प्रत्येक छोट्या मापनात तो अनिर्णित ठरणारच. पण अशी अनेक मापने योग्य वजन देऊन एकत्र केली, तर गोंगाट एकमेकांना खोडतो आणि संकेत वर येतो. तसे केल्यावर पैशाचा परिणाम धन निघाला. मात्र मूळ निरीक्षणेच सहसंबंधाच्या सापळ्यात अडकलेली असतील, तर त्यांची कितीही बेरीज केली तरी काय उपयोग? येथे खरा प्रयोगच हवा होता.

टेनेसीचा प्रयोग

तो प्रयोग टेनेसी राज्याने १९८५ ते १९८९ या काळात केला. खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. पहिल्या वर्षी ७९ शाळांतील बालवर्गाची ६ हजारांहून अधिक मुले त्यात होती. प्रत्येक शाळेत तीन प्रकारचे वर्ग केले. १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि नेहमीचाच वर्ग पण शिक्षकाला पूर्णवेळ मदतनीस. कोणते मूल आणि कोणता शिक्षक कोणत्या वर्गात जाईल, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. याला यदृच्छ निवड म्हणतात. तिच्यामुळे सधन आणि गरीब, हुशार आणि मंद मुले तिन्ही प्रकारांत सारखी विखुरली जातात, आणि मग दिसणारा फरक वर्गाच्या आकाराचाच असणार, असे म्हणता येते. घर आणि शाळा यांचा गुंता सुटतो तो असा.

तिसरीपर्यंत चाललेल्या या प्रयोगात लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे राहिली. फरक सुमारे ०.२ प्रमाण विचलन होता. शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभे असलेले मूल सात-आठ जागा पुढे सरकावे, एवढा. काळ्या मुलांमध्ये तो याहून अधिक होता. मदतनीस दिल्याने मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९९५ मध्ये या प्रयोगाची शिक्षणातील महत्त्वाच्या प्रयोगांत गणना केली. त्यात उणिवा होत्या. काही मुले मध्येच शाळा सोडून गेली, काही एका वर्गातून दुसऱ्यात गेली. तरी मुख्य निष्कर्ष पुढच्या तपासण्यांत टिकला.

हाही पैशाचाच प्रयोग आहे, हे लक्षात घ्या. २३ ऐवजी १५ मुलांचा वर्ग करायचा तर सुमारे दीडपट शिक्षक लागतात. मदतनीस ठेवायलाही पैसा लागतो. एका खर्चाने गुण वाढले, दुसऱ्याने नाही. तेव्हा पैशाने फरक पडतो का, हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारलेला आहे. पैशाचे वर्गात काय होते, हा खरा प्रश्न.

याची दोन उदाहरणे पाहू. मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या शाळांवर न्यायालयाच्या आदेशाने १९८५ नंतर १ अब्ज डॉलरहून अधिक पैसा ओतला गेला. नव्या इमारती, जलतरण तलाव, विशेष शाळा झाल्या. गुण अपेक्षेइतके वाढले नाहीत. आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने टेनेसीचे पाहून एकदम सबंध राज्यात लहान इयत्तांचे वर्ग २० मुलांचे केले. एवढे प्रशिक्षित शिक्षक होते कोठे? चांगल्या वस्त्यांत नव्या जागा निघाल्या, तसे गरीब शाळांतील अनुभवी शिक्षक तिकडे गेले आणि त्यांच्या जागी प्रशिक्षण पूर्ण न झालेले आले. प्रयोगशाळेत यशस्वी झालेली प्रक्रिया कारखान्यात नेताना काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

अलीकडचा पुरावा

न्यायालयांच्या निकालांनी नकळत आणखी एक प्रयोग घडवला. वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी निकाल लागले आणि काही शाळांचा पैसा वाढला. ही वाढ त्या शाळेतील मुलांच्या कुवतीमुळे झालेली नव्हती, न्यायालयाच्या वेळापत्रकामुळे झाली होती. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी १९५५ ते १९८५ या काळात जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. त्यांचा निबंध २०१६ मध्ये आला. शाळेची बाराही वर्षे दरडोई खर्च १० टक्के अधिक मिळाला, तर मोठेपणी वेतन सुमारे ७ टक्के अधिक आणि दारिद्र्याचे प्रमाण कमी आढळले. गरीब घरच्या मुलांत हा परिणाम बराच जास्त होता. कोलमन यांच्या पाहणीत मुलांचे एका दिवशीचे गुण होते, येथे तीच पिढी पुढे काय झाली हे पाहिले. हानुशेक यांच्यासारखे अभ्यासक आजही या निष्कर्षांवर शंका घेतात. वाद मिटलेला नाही, पण 'पैशाने काही होत नाही' असे सरसकट म्हणणे आता अवघड झाले आहे.

या साखळीतील एक दुवा आपल्या मुंबईत आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथील महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाची अशीच यदृच्छ चाचणी झाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे या चाचणीच्या संशोधकांपैकी. त्यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५-२० मुलांना वस्तीतीलच शिकलेली एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि वाचन, अंक, बेरीज-वजाबाकी पक्की करून घेई. तिचे मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. पहिल्या वर्षी सर्व मुलांची मिळून सरासरी प्रगती ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन होती. ही प्रगती झाली ती जवळजवळ सगळी बालसखीकडे बसणाऱ्या मुलांची. मूळ वर्गात राहिलेल्या मुलांना वर्ग लहान झाल्याचा लाभ दिसला नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभराने परिणाम बराच ओसरला, हेही सांगितले पाहिजे.

टेनेसीत लहान वर्गाचा लाभ झाला, मुंबईत का नाही? टेनेसीत चार वर्षे, अगदी बालवर्गापासून, ठरवून लहान वर्ग होता. मुंबईत शिक्षक तोच पाठ्यक्रम त्याच गतीने शिकवत राहिले, फक्त काही मुले दोन तास बाहेर गेली. जेथे शिकवणे मुलाच्या पायरीपर्यंत खाली आले, तेथे मूल पुढे सरकले.

गुणांचा उपयोग कशासाठी?

आपल्याकडेही मुलांच्या वाचन-गणिताचे आकडे दरवर्षी कोणत्या ना कोणत्या पाहणीतून प्रसिद्ध होतात. ते कमी आले की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, सरकारी शाळांवर खर्च करणे व्यर्थ आहे. दुसरे म्हणतात, फक्त पैसा द्या, बाकी सगळे होईल. या इतिहासाने दोघांचेही समाधान होणार नाही. शिक्षक, मुलाला मिळणारा वेळ आणि सुरुवातीची वर्षे यांवर खर्च झालेला पैसा मुलापर्यंत पोचल्याचे पुरावे आहेत. भिंतींवर आणि घाईवर खर्च झालेला पैसा न पोचल्याचेही आहेत.

शिक्षकांनी आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी एजवुडचे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे. शेकडेवारी आणि भागाकार एवढ्यावर ते सुटते. ते सुटल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा. अलामो हाइट्सच्या पालकांना, तुम्ही जादा खर्च करता त्याने गुण वाढतात हे आधी सिद्ध करा, असे कोणी कधी म्हटले का? पुरावा मागितला गेला तो नेहमी एजवुडकडे. शास्त्राने पुरावा मागावा, यात वावगे काही नाही. पण तो दोन्हीकडे सारखा मागावा. आणि गळके छप्पर दुरुस्त करायला गुणपत्रिकेची वाट पाहावी लागू नये.

डेमेट्रिओ रॉड्रिगेझ २०१३ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी वारले. त्यांनी दावा लावला तेव्हा शाळेत असलेली मुले तोवर प्रौढ झाली होती. १९८९ चा निकाल लागला, तेव्हाच त्यांची शाळेची वर्षे कधीची उलटून गेली होती. अभ्यासकांना वाद मिटेपर्यंत थांबता येते. पहिलीतल्या मुलाला मात्र पहिलीचे वर्ष एकदाच मिळते.